शेर-दोरच्या दारावरचे वाघ : समरकंदच्या चौकाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे फोटो बघतोय. दोन शंका आहेत. रेगिस्तान म्हणजे वाळवंट ना, मग भर शहरातल्या चौकाला हे नाव कसं? आणि इस्लामी इमारतीवर प्राण्यांची चित्रं नसतात असं ऐकलंय, मग एका मदरशाच्या दारावर चक्क वाघ कसे?

उत्तर : नमस्कार. शब्द तोच आहे, फारसीत रेग म्हणजे वाळू आणि रेगिस्तान म्हणजे वाळूची जागा, म्हणजे हा आधी मोकळा रेताड पट्टाच होता. जुनं समरकंद उत्तरेला अफ्रासियाबच्या टेकडीवर होतं, १२२० मध्ये चंगेजखानाने ते उद्ध्वस्त केलं आणि नंतरची वस्ती दक्षिणेला सरकली, मग तैमूरच्या काळापर्यंत ही जागा भर बाजाराची झाली. आज दिसणाऱ्या तिन्ही इमारती मदरसे आहेत, आणि मला या चौकातलं सगळ्यात आवडणारं हेच की तो कुणी एकाने एकदम आखलेला नाही, पहिला मदरसा बांधायला घेतला १४१७ मध्ये आणि तिसरा पूर्ण झाला १६६० मध्ये, तरी बघताना वाटतं एकाच हातातून उतरलाय.

पश्चिमेचा मदरसा उलुघ बेगचा. तैमूरचा नातू, राज्यकर्ता खरा पण जीव सगळा आकाशात. त्याच्या वेधशाळेतून १०१८ ताऱ्यांची यादी तयार झाली आणि १४४९ मध्ये पोटच्या मुलानेच त्याला मारवलं. त्याच्या दारावरच्या फरशीकामात चांदण्याच चांदण्या आहेत, ते बघून मला तरी गहिवरून येतं. अशा उंच चौकटीच्या दर्शनी कमानीला पिश्ताक म्हणतात, मागे अंगण, अंगणाभोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या म्हणजे हुजरे. भिंतींवर साध्या विटांत निळ्या झिलईच्या विटा बसवून कोनाकोनाची कूफी, म्हणजे जुन्या अरबी वळणाची अक्षरं काढलीयत, लांबून नुसती नक्षी वाटते, थांबून बघितलं की लिखाण दिसतं.

समोर, पूर्वेला, उलुघ बेगचीच खानकाह होती, म्हणजे सूफींचा मठ म्हणा. तिच्या प्रचंड घुमटाचं बाबराने आत्मचरित्रात कौतुक केलंय. ती पडझडीला आली आणि दोनशे वर्षांनी यलंगतोश बहादूर या सुभेदाराने तिच्या जागी दुसरा मदरसा बांधला, १६१९ ते १६३६. त्याने काय केलं, तर समोरच्या जुन्या इमारतीचं जणू आरशातलं रूप उभं केलं. हा शेर-दोर, तुमच्या वाघांचा. नाव अवघड वाटेल पण 'दोर' म्हणजे आपल्या जमीनदार, दुकानदारमधलाच 'दार', शेर असलेला तो शेर-दोर.

आता वाघांचं. फारसीत शेर म्हणजे सिंह, तेव्हा नाव सिंहाचं पण अंगावर पट्टे, पुढे पांढरं हरीण पळतंय आणि पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य! सजीवांची चित्रं टाळायची हा दंडक मशिदीत, नमाजाच्या जागी कडक पाळला जायचा, म्हणून तिथे वेलबुट्टी, भूमिती आणि अक्षरं. त्याबाहेर मात्र मध्य आशियात आणि इराणात माणसं-प्राणी रंगवलेले खूप सापडतात, आणि सिंह-सूर्य ही जोडी तर त्या मुलखात सत्तेची जुनी खूण. तरीही मदरशाच्या दर्शनी कमानीवर हे करणं धाडसाचंच होतं, माझ्या मते त्या सुभेदाराला आपली छाप अशी ठेवायची होती की समोरच्या चांदण्यांपुढे ती फिकी पडू नये. काम उलुघ बेगच्या मदरशाइतकं नाजूक नाही, पण पिवळा रंग काय उजळलाय! उझबेकिस्तानच्या जुन्या २०० सोमच्या नोटेवरही हाच प्राणी होता.

तिसरा, उत्तरेचा तिल्या-कोरी, तोही यलंगतोशचाच. मीनाकारी तशी तिलाकारी, सोन्याचं काम. बीबी-खानमची मोठी मशीद तोवर मोडकळीला आलेली, म्हणून याच्या अंगणात पश्चिमेला जुम्म्याची मशीद घातली, आत निळ्यावर सोनं नुसतं ओतलंय. बाहेरचा फिरोजी घुमट मात्र विसाव्या शतकातला, सोविएत काळात बसवलेला, मूळचा अपुराच राहिला होता.

प्रश्न : ताई, त्या चौकातले मिनार फोटोत कलल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्याचा दोष का?

उत्तर : काही अंशी कॅमेऱ्याचा, पण मिनार कलले होते हे खरंय. हा भूकंपाचा मुलूख. उलुघ बेगच्या मदरशाचा एक मिनार इतका झुकला की पडेल अशी भीती होती, तेव्हा रशियन इंजिनियर व्लादिमीर शुखोव्हच्या योजनेप्रमाणे १९३२ मध्ये तो न उतरवता, सबंधच्या सबंध सरळ केला. ३० मीटरहून उंच विटांचा खांब, वरचं फरशीकाम तसंच ठेवून! प्रत्यक्ष गेलात तर चौकाच्या दक्षिणेच्या मोकळ्या बाजूला उभं राहून आधी डावीकडचा उलुघ बेग नीट बघा आणि मगच उजवीकडे वळा, म्हणजे दोनशे वर्षांनी आलेल्या माणसाने काय जसंच्या तसं घेतलं आणि काय बदललं ते आपोआप दिसायला लागतं.