इथेनॉल खरेदी : आधी उपयोग ठरवा, मग दुकान

लाकडाला लाखेचे पॉलिश करणे, उपकरणे पुसणे आणि वनस्पतींचा अर्क काढणे, या तीन कामांसाठी एकच इथेनॉल (म्हणजेच मद्यार्क) कोठे मिळेल, असे आपण विचारले आहे. तिन्हींसाठी एकच बाटली घेऊ नये, कारण टक्केवारी सारखी असली तरी आत आणखी काय मिसळले आहे, यावर तिचा उपयोग ठरतो.

पिण्यायोग्य मद्यार्कावर बहुतेक देशांत भारी कर असतो. तो कर न लावता औद्योगिक वापरासाठी विकता यावे म्हणून इथेनॉलमध्ये विषारी मिथेनॉल, दुर्गंधी पिरिडिन किंवा अतिशय कडू असे डिनॅटोनियम बेंझोएट मिसळून ते पिण्यास अयोग्य केले जाते. हेच डिनेचर्ड किंवा मेथिलेटेड स्पिरिट. रंगांच्या व हार्डवेअरच्या दुकानांत ते मिळते आणि पॉलिशसाठी ते पुरेसे आहे. मात्र त्यात पाणी जितके कमी तितके चांगले, कारण ओलाव्यामुळे लाखेचा थर पांढुरका पडतो.

उपकरणे पुसण्याचे म्हणाल, तर इथेनॉलचा हट्टच कशाला? औषधांच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढेच उपयोगी पडते आणि ते मिळवणेही सोपे असते. जंतुनाशनासाठी मात्र सुमारे ७० टक्क्यांचे द्रावण घ्यावे. पाण्याशिवाय जंतूंमधील प्रथिनांची रचना नीट मोडत नाही आणि शुद्ध अल्कोहोल लवकर उडून जाते.

अर्क पोटात घ्यायचा असेल, तर परवानाधारक मद्यविक्रेत्याकडील पिण्यायोग्य तीव्र मद्यार्काखेरीज दुसरे काहीही वापरू नये. मेथिलेटेड स्पिरिट उकळून शुद्ध करता येते, हा सल्ला कोणी दिला तरी मानू नये : मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला आणि इथेनॉल ७८.४ अंशांना उकळत असले, तरी घरगुती ऊर्ध्वपातनाने ती पूर्णपणे वेगळी होत नाहीत, आणि शरीरात मिथेनॉलपासून तयार होणारे फॉर्मिक आम्ल दृष्टी घालवू शकते.

प्रयोगशाळेतील निर्जल इथेनॉल रसायन-पुरवठादार बहुधा संस्थेला किंवा परवानाधारकालाच देतात. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. उरलेले पाणी आता बहुधा आण्विक चाळणीने, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थाने काढतात, पूर्वी त्यासाठी विषारी बेंझीन वापरत आणि त्याचा अंश मागे राहू शके. म्हणून ‘निर्जल’ म्हणजे ‘पिण्यायोग्य’ असे समजू नये. रसायनातील घटक व धोके सांगणारे सुरक्षितता-पत्रक मागून घ्यावे; जो विक्रेता ते देत नाही, त्याच्याकडून मी खरेदी करत नाही.