आधी तिला वाचू द्या

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची सतरा वर्षांची मुलगी लहानपणापासून नाचते. सहा महिन्यांपूर्वी ती लाबानोटेशन, म्हणजे नृत्य कागदावर उतरवण्याची लिपी, शिकू लागली. आता तिने या लिपीचे ऑनलाइन इंटरॅक्टिव्ह धडे तयार करून विकावेत, कुणी यायच्या आत जागा पकडावी, असं तुमच्या मनात आहे. त्यासाठी पदवी कोणती घ्यावी, हा तुमचा प्रश्न. आणि पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एकच ओळ: ‘मला अजून आठ मात्रा वाचायला अर्धा तास लागतो.’

मी त्या ओळीपाशीच थांबलो. अख्ख्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ पाच वेळा येतं. मुलीचा आवाज एवढाच. तुम्ही तिचा छंद उडवून लावला नाहीत, हे मोलाचं आहे. पण आवड दिसली की लगेच तिचा धंदा मांडायचा, हाही दबावच. विद्यार्थिनी म्हणून ती आत्ता कुठे उभी राहतेय आणि तुम्ही तिला शिक्षिकेच्या खुर्चीत बसवताय. मला हे मान्य नाही.

व्हिडिओच्या जमान्यात ही लिपी कुणाला हवी, अशी शंका तुम्हीच काढली आहे आणि उत्तर म्हणून ‘अ‍ॅपमुळे ती आधुनिक होईल’ असं लिहिलंय. दोन्ही चुकीचं. व्हिडिओत एका नर्तकाचा एका दिवसाचा नाच दिसतो, त्याच्या चुकांसकट आणि कॅमेऱ्याच्या एकाच बाजूने. रचनाकाराला नेमकं काय हवं होतं, ते लिपी सांगते. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत चिन्हाचा आकार दिशा दाखवतो, आतली छटा पातळी (हालचाल वर, मध्ये की खाली) आणि लांबी वेळ. पान खालून वर वाचायचं. १९५२ मध्ये अमेरिकेत हान्या होम यांच्या नृत्यरचनेची कॉपीराइट नोंदणी झाली ती अशाच लिखित प्रतीवर. लिपीला आधुनिक करायची गरज नाही, ती वाचणारी माणसं हवीत.

इंटरॅक्टिव्ह धड्यांची कल्पना मात्र चांगली आहे, म्हणूनच ती घाईत वाया जाऊ नये. नवशिक्या हमखास करतो ती चूक बघा. पानावर शरीराच्या भागांचे वेगवेगळे उभे रकाने असतात; त्यातल्या पायांच्या रकान्यात तो जागा मोकळी सोडतो. त्याला म्हणायचं असतं ‘स्तब्ध उभा राहा’. लिपीत त्याचा अर्थ होतो ‘पायाला आधार नाही’, म्हणजे उडी! उभं राहायचं तर छोटं वर्तुळ काढून भार धरून ठेवावा लागतो. धड्यात तिथे पडद्यावरची आकृती टुणकन उडाली, तर ही चूक पुन्हा होणार नाही. पण आकृती आधीच हलली, तर विद्यार्थी चिन्ह वाचणारच नाही, नुसती नक्कल करेल. म्हणून आधी त्याने उठून करून पाहायचं, आकृती नंतर. असे बारकावे स्वतः अडखळल्याशिवाय सुचत नाहीत.

पदवी कॉम्प्युटरची घ्यावी की नृत्याची, हे तिला विचारा, दोन्ही चालतील. लिपीसाठी न्यूयॉर्कचा डान्स नोटेशन ब्यूरो १९४० पासून काम करतोय. बेनेश ही वेगळी लिपी, पाच आडव्या रेघांची आणि बॅलेत रुळलेली; तिचं शिक्षण रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सकडे मिळतं. निव्वळ नृत्यलेखनाच्या नोकऱ्या मोजक्या आहेत, हे आत्ताच सांगतो. लिखित प्रतीवरून जुनी रचना पुन्हा उभी करणं आणि शिकवणं, यांची जोड लागतेच.

आणि तुला, बाळा: आठ मात्रांना अर्धा तास लागतोय तर लागू दे. पुढची दोन वर्षं फक्त वाच आणि नाचून बघ. शिकवावंसं वाटलंच, तर एकच विद्यार्थी घे, तुझे बाबा. त्यांना खुर्चीतून उठव, कागद हातात दे आणि त्यांचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते वहीत टिपून ठेव.