रास्पबेरी पायवर आवाज येत नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी हे पाहा

भाऊ, देवळात काकडा वाजवायला रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) लावला असेल, तर त्याच्यासाठी साउंड कार्डाचा ड्रायव्हर वेगळा शोधत फिरू नका. विंडोजची ती सवय इथं कामाची नाही. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासोबतच येतात. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’, आणि रीबूट. ‘आरपीआय-अपडेट’ मात्र टाळा. ते चाचणीतलं कर्नल आणतं. देवळातल्या काकड्याला ते काहून पाहिजे?

खरी भानगड आपल्याकडच्या लाईनची. अपग्रेड अर्ध्यात असताना लाईन गेली तर एसडी कार्डावरची सिस्टीम बिघडू शकते. इन्व्हर्टरवर लावूनच सुरू करा, आधी कार्डाची प्रत काढून ठेवा.

तरी आवाज नसेल तर ‘एप्ले -एल’ चालवून यादीत कार्ड दिसतं का पाहा. यूएसबीचं बहुतेक आपोआप दिसतं. पायवर बसणारं हॅट (वर जोडायचा जादा बोर्ड) असेल तर ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ या सेटिंगच्या फाईलमध्ये त्याची ओळख सांगणारी डीटीओव्हरले ओळ लागू शकते. २०२३च्या बुकवर्म या सिस्टीमच्या आवृत्तीपासून ही फाईल ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ फोल्डरात गेली; जुने व्हिडिओ पाहणारे नेमके इथंच अडकतात. कार्ड दिसूनही मुकं? ‘अल्सामिक्सर’ (आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम) उघडा, ‘एमएम’ म्हणजे आवाज बंद; ते दिसलं तर एम दाबा.

आणि पाय ५ घेतला असेल तर त्याला ३.५ मिमीचा जॅकच नाही, ड्रायव्हर बिचारा काय करील!