गच्चीवरच्या बागेसाठी जपानी होरी-होरी मागवावी का? जपानी अवजारांत एवढं खास काय असतं?

होरी-होरी नका मागवू. मागवायचंच असेल तर नेजिरीगामा मागवा.

मी टोकियोजवळ राहतो. पालिकेकडून भाड्याने मिळालेल्या तुकड्यात भाजी लावतो. होरी-होरी म्हणजे सुऱ्यासारखं पन्हळी पातं, रोप मुळासकट काढायला उत्तम. 'होरु' म्हणजे खणणं, त्यावरून नाव. पण आमच्या शेजारच्या वाफ्यांत ती कुणाच्या हातात मी अजून पाहिलेली नाही. शिवाय इथे सहा सेंटिमीटरहून लांब पातं कामाशिवाय सोबत घेऊन फिरणं हा गुन्हा आहे.

नेजिरीगामा मात्र जवळपास प्रत्येकाकडे असतो. आपल्या खुरप्याचंच भावंड, फक्त पातं दांड्याला तिरकं वळवलेलं. मातीत जेमतेम बोटाच्या पेराएवढं घालून ओढलं की तण मुळाशी कापलं जातं. धार एकाच अंगाला असते. मी डावखुरा, आणि पहिला घेतला तो उजव्या हाताचा. पातं जमिनीवरून नुसतं घसरत होतं आणि मी आठवडाभर मातीला दोष देत होतो.

खरी गंमत 'कुवा'ची. आपल्या फावड्यासारखं ओढायचं अवजार. ओकुरा नागात्सुने या जपानी शेतीलेखकाने १८२२ सालच्या शेती-अवजारांवरच्या ग्रंथात लिहिलंय की कुवा तीन 'री'च्या आत, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरांत बदलतो. माती बदलली की पात्याची रुंदी, वजन, दांड्याशी असलेला कोन, सगळंच बदलतं. घाव घालून खणायचं तर कोन मोठा, वरंबे ओढायचे तर लहान. चिकट मातीसाठी तीन-चार दात्यांचा 'बित्चू-गुवा', कारण दात्यांना माती कमी चिकटते. बित्चू हा जुना प्रांत, म्हणजे आजच्या ओकायामाचा पश्चिम भाग.

इथली जमीन काळीभोर दिसली तेव्हा मला गावची काळी आठवली, आणि मी हौसेने तोच दात्यांचा घेतला. पण ही काळी ज्वालामुखीच्या राखेची, हलकी, भुसभुशीत. दात्यांतून सगळी निसटायची. इथे साधा सपाट कुवाच हवा होता. आपल्याकडच्या चिकट काळीत कदाचित उलटं होईल.

सपाट कुवा घेतला आणि हिवाळाभर कोरड्या खोलीत ठेवला. वसंतात पहिल्याच घावाला पातं सुटून दोन हात पुढे पडलं. पलीकडच्या वाफ्यातल्या आजोबांनी काही न बोलता बादलीभर पाणी आणून ठेवलं. लाकूड वाळलं की आकसतं, म्हणून कामाआधी सांधा भिजवायचा, मग ते फुगून पात्यात घट्ट बसतं. आपल्याकडेही फावड्याचा दांडा असाच भिजवतात, हे मला घरी फोन केल्यावर कळलं.

दर्जाचं म्हणाल तर निइगाताच्या सान्जोसारख्या लोहारांच्या गावी मऊ लोखंडाला धारेपुरतं पोलाद जोडतात. धार लावायला सोपं जातं, आणि झिजलं की लोहार नवं पोलाद चढवून देतो. तुमच्या गावात भाता चालू असेल, तर एक चांगलं खुरपं त्याच्याकडूनच घडवून घ्या. कुंड्यांना त्याहून जास्त लागत नाही.

तरी नेजिरीगामा मागवलाच, तर डावा की उजवा तेवढं बघून घ्या.