वाचकांचे प्रश्न: किनाऱ्यावरचे फोटो

प्रश्न: धक्क्याजवळचे शेवाळलेले खडक संध्याकाळी सहाला सुंदर दिसले. पुढच्या रविवारी त्याच वेळी ट्रायपॉड घेऊन गेलो, तर सगळं पाण्याखाली. असं का?

उत्तर: भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे ओहोटीच्या जागी भरती येते. पुन्हा जायचं तर आठवड्याने नको, पंधरवड्याने जा. घड्याळात तीच वेळ असेल आणि पाणीही साधारण तेवढंच असेल. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांना हा हिशेब लागू पडतो.

तिथीही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. एरवी न दिसणारे खडक त्याच दिवसांत उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. पाणी उतरत असतानाच जागा धरावी. वाळू तेव्हा ओली आणि पाऊलखुणांवाचून असते, आकाश तिच्यात स्वच्छ उमटतं. चढत्या पाण्यात खडकाच्या टोकावर थांबू नका. पाठीमागची सखल वाट आधी बुडते.

प्रश्न: लाटा मऊ दिसाव्यात म्हणून ५ सेकंदांचं एक्सपोजर देतो, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवतो. ट्रायपॉड असूनही खडक धूसर येतात.

उत्तर: दोष बहुतेक वाळूचा आहे. लाट परतताना ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा मिलिमीटरभर खचतो. तेवढं पुरे होतं. पाय दाबून आत रुतवा, एकदोन लाटा जाऊ द्या, मग पुन्हा दाबा आणि फ्रेम जुळवा. मधला दांडा वर काढू नका. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. तरीही धूसर आला तर लेन्स तिरपी धरून उजेडात पाहा, तुषारांचा खारा पापुद्रा चढलेला असतो.

पण ५ सेकंद कशाला? पाण्याचं पार धुकं झालं की लाटेचा आकारच उरत नाही, आणि किनाऱ्याच्या फोटोत तोच तर हवा. अर्धा ते एक सेकंद ठेवा आणि लाट परतायला लागली की बटण दाबा. खडकांभोवती फेसाच्या लांब रेघा उमटतात. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, लेन्सवर लावा. एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. ६ स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१२५ सेकंदाचं एक्सपोजर अर्ध्या सेकंदावर येतं. १० स्टॉपचा सुमारे हजारपट कमी करतो. १/३० सेकंदाचं थेट अर्धा मिनिट होतं. तो फिल्टर बसवण्याआधी फोकस करून तो मॅन्युअलवर टाका, नंतर फारसं काही दिसत नाही.

प्रश्न: दीपगृहाचा झोत फोटोत का येत नाही?

उत्तर: एक्सपोजर लांब असल्यामुळे. फिरणारा झोत त्या वेळात सगळीकडे फिरतो, आकाशात एकसारखा पसरतो आणि दिव्याचा पांढरा गोळा उरतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवा आणि एक-दोन सेकंदांतच आटपा. प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली असते, ती आधी मोजून घ्या. हवेत दमटपणा किंवा हलकं धुकं असेल तरच झोताची रेघ दिसते. मनोरा मागे झुकलेला येत असेल तर कॅमेरा वर करू नका. लांब जा, कॅमेरा समपातळीत धरा आणि खालची जादा जमीन नंतर कापा.

प्रश्न: परतल्यावर कॅमेरा कसा पुसावा?

उत्तर: कोरड्या फडक्याने मुळीच नाही, वाळूचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअरने वाळू उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड बॉडीवर फिरवा, शेवटी कोरडं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. मीठ सांध्यांतच राहिलं तर पुढच्या वेळी पाय सरकताना करकरतात.