मी आपलंच नाक कापून घेतलं का?

"मॅडम, घरचे म्हणतात, आपलं नाक कापून मैत्रिणीला अपशकुन केलास. मला खरंच व्यवहार कळत नाही का?" वाटणीवरून बिनसलं की अशा अर्थाचा प्रश्न घेऊन बरेच जण येतात, म्हणून ही हकिकत लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे आलेल्या या बाई आणि त्यांची मैत्रीण, दोघींनी मिळून एक काम पुरं केलं होतं. काम आणलं मैत्रिणीने, तडीस नेलं दोघींनी. मोबदला हाती यायला दोघींच्या सह्या लागत होत्या. मैत्रिणीने परस्पर हिशेब मांडला: चार वाटे तिचे, एक यांचा. यांनी सही करायला साफ नकार दिला. सही नाही, म्हणजे दोघींनाही छदाम नाही. मुदत संपायला थोडे दिवस उरले होते आणि त्यांची झोप उडाली होती.

हा पेच अर्थशास्त्रात एका खेळाच्या रूपात मांडलेला आहे. १९८२ मध्ये जर्मनीतल्या व्हेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. एकाने रकमेची वाटणी सुचवायची. दुसऱ्याने हो म्हटलं तर तशी वाटणी, नाही म्हटलं तर दोघेही रिकाम्या हाताने घरी. नुसता स्वार्थ पाहिला तर मिळेल ते घ्यावं. पण पुढे अनेक देशांत हा खेळ झाला, तेव्हा बहुतेक ठिकाणी सुचवणारे साधारण शंभरातले चाळीस ते पन्नास देऊ करत, आणि वीसहून कमी देऊ केले की सुमारे निम्मे लोक ते धुडकावत.

हे ऐकून त्या पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसल्या. "म्हणजे मी एकटीच अशी नाही."

नव्हत्याच. तरी पुष्कळ जण करतात म्हणून ते आपल्या हिताचं ठरत नाही, हेही मला सांगावं लागलं. मग विचारलं, "हीच वाटणी चिठ्ठ्या टाकून ठरली असती तर?"

बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं असतं. पण सही केली असती."

प्रयोगांतही हेच दिसतं. तीच तुटपुंजी वाटणी संगणकाने सुचवली तर लोक ती माणसाने सुचवलेल्या वाटणीपेक्षा जास्त वेळा स्वीकारतात. रक्कम तेवढीच, पण तिच्यामागे आपल्याला कमी लेखणारं कुणी नसतं. यांना खुपत होतं ते नेमकं हेच: इतकी वर्षं सोबत असून तिने माझी किंमत एवढीच केली.

अशा वेळी "जाऊ द्या, माफ करा" असं मी कधीच म्हणत नाही. अन्याय झालेल्या माणसाला समजूतदारपणा शिकवणं मला पटत नाही. पण नकाराला दोन कामं एकदम करावी लागत होती: हक्क मागणं आणि राग पोचवणं. शियाओ आणि हाउसर या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की उत्तरासोबत दोन शब्द लिहून पाठवायची मुभा दिली, तर कमी वाटा नाकारणाऱ्यांचं प्रमाण बरंच घटतं. राग बोलून दाखवता आला, की तो दाखवण्यासाठी नुकसान सोसायची गरज उरत नाही.

म्हणून सहीचा निर्णय बाजूला ठेवून आधी पत्र लिहायला सांगितलं. पहिला मसुदा लांबलचक होता, शाळेपासूनच्या तक्रारी त्यात होत्या. आम्ही दोघींनी बसून तो चार ओळींवर आणला. कोणती कामं यांनी केली, वाटणी न विचारता ठरली याचं किती लागलं, किती वाटा रास्त वाटतो, आणि कोणत्या दिवसापर्यंत उत्तर हवं. पाठवण्याआधी एक रात्र जाऊ दिली.

मैत्रिणीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. काम मी आणलं, हा मुद्दा तिने सोडला नाही. त्यात तथ्य आहे, हे यांनीही मान्य केलं. शेवटी पाचातले दोन वाटे यांचे ठरले. त्यांनी सही केली, आणि यापुढे तिच्यासोबत काम करायचं नाही हेही ठरवलं. घरच्यांना तो हट्ट वाटतो. मला तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटला, म्हणून मी त्यात काही बदल सुचवला नाही.