वाचकांचे प्रश्न : वॉर्डातली शुश्रूषा

प्रश्न : अर्धांगवायूमुळे वडील दोन आठवडे रुग्णालयात होते. सिस्टर प्रेमाने बोलायच्या, औषधं वेळेवर मिळायची. घरी आणल्यावर मात्र माकडहाडापाशी जखम दिसली. डिस्चार्जच्या गडबडीत फीडबॅक फॉर्मवर आम्ही सगळीकडे ‘उत्तम’ अशी खूण केली होती. आता तक्रार करता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर करता येईल, त्या खुणेने हक्क जात नाही. आधी जखम डॉक्टरांना दाखवा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. मग मेट्रनना (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना) लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि केसपेपरची प्रत मागा. एकाच कुशीवर पडून राहिलं की अशी जखम होते, म्हणून त्यात दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे का, हे पाहा. ‘काळजी घेतली नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येईल. रुग्णालयाने दाद दिली नाही तर स्थानिक प्रशासनाच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा. महाराष्ट्रात 2021च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते.

बोलणं गोड असलं की आपण समाधानी होतो, कारण बोलणं कानावर पडतं. पाठीखालची कातडी कोण बघतं? म्हणून पेशंट वॉर्डात असतानाच रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे आणि टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे अशाच जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतं का ते पाहा. डाग चोळू नका, आतली इजा वाढते. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. वर सरकवताना पेशंटला ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. डोक्याकडची बाजू फार वेळ उंच राहिली की शरीर खाली घसरतं आणि कातडी ताणली जाते. एअर बेड (हवेची गादी) आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नसतं. ही चूक सर्रास होते.

फीडबॅक फॉर्म बिल भरताना नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मागून घ्या. म्हणजे उरलेल्या दिवसांत सुधारणा होऊ शकते. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारून भरा.

प्रश्न : रात्री बेल वाजवूनही सिस्टर लवकर येत नाहीत. भांडावं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भांडू नका, पण तारीख आणि वेळ लिहून ठेवा : ‘2.10ला बेल, 2.40ला सिस्टर आल्या.’ सकाळी पाळी बदलताना चार्ज (पेशंटची माहिती आणि जबाबदारी) देऊन-घेऊन झाला की इन्चार्ज सिस्टरना ते दाखवा. चार्ज चालू असताना मध्ये बोलू नका, औषधांच्या सूचना निसटतात. रात्रपाळीत किती पेशंटमागे एक सिस्टर होती, तेही विचारा. दोष अनेकदा त्यांचा नसून अपुऱ्या माणसांचा असतो आणि तसं फॉर्मवर लिहिलं तर त्यांनाही मदत होते. सलाईनची जागा दुखली, लाल झाली किंवा सुजली तर मात्र बेलवर न थांबता थेट सिस्टरांच्या काउंटरवर जा.